उन्हाळ्यात पाखरांना दाणा, हरणांना पाणी : घरच्या टाकाऊ सामानातून होणारी साधने



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाचट आणि पाणी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण तो आपल्या बांधावरचाच आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडील गटांत उन्हाळी बैठका सुरू झाल्या की एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, हरणं पार वावरापर्यंत यायला लागली. त्यांच्यासाठी गव्हाण करून थोडे वाढे, थोडा मका टाकून ठेवला तर चालंल का?" विचारणाऱ्याच्या मनात दया असते. तेवढ्यात मागून दुसरा सभासद बोलतो, "आधीच डुकरांनी ऊस लोळवलाय, तू आणखी जेवणावळी घाल!" मग हशा होतो आणि प्रश्न तसाच राहतो.

आमच्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत. पाखरांना दाणा ठेवावा, पाणीही ठेवावे. हरणांना, नीलगाईला आणि इतर रानजनावरांना फक्त पाणी ठेवावे आणि तेही उसापासून लांब. चारा आणि धान्य मुळीच ठेवू नये. ही साधने घरच्या टाकाऊ सामानातून कशी करायची ते पुढे सांगतो. पण आधी चाऱ्याला 'नाही' का म्हणतो ते समजून घ्या, कारण तिथेच चूक होते.

हरणाला गव्हाण का नको

बैल सुटून खळ्यावर गेला आणि ज्वारीच्या राशीला तोंड लावून पोटभर दाणा खाऊन आला, तर काय होते हे आपल्याला सांगायला नको. रवंथ थांबते, पोट तटतटते, जनावर मान टाकते. वेळेवर डॉक्टर आला नाही तर जनावर हातचे जाते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्म जिवाणू असतात. रोजच्या चाऱ्याप्रमाणे त्यांची घडी बसलेली असते. तिथे एकदम पिठूळ दाणा गेला की आम्ल तयार होते आणि ती घडी मोडते. चितळ, सांबर, भेकर, चिंकारा, नीलगाय ही सगळी रवंथ करणारीच जनावरे. एप्रिल-मेमध्ये त्यांचे पोट वाळके गवत, झाडपाला आणि गळालेली फळे यांवर बसलेले असते. अशा वेळी समोर मक्याचा ढीग आला तर त्यांची गत त्या बैलासारखीच होते. फरक एवढाच, की रानात डॉक्टर नसतो.

वाढ्यांचेही तसेच. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते आणि ते अंगातले कॅल्शियम बांधून टाकते. म्हणून गाई-म्हशींना वाढे देताना चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण वापरा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. दावणीच्या जनावराला ते देता येते. रानातल्या हरणाला कोण देणार?

दुसरी गोष्ट रानडुकराची. तुम्ही दाणा हरणासाठी टाकला तरी पहिला पाहुणा डुक्कर असतो. त्याचे नाक फार तिखट. एकदा जागा कळली की रोज रात्री कळप येतो आणि दाणा संपला की शेजारच्या उसात शिरतो. जेवढा चघळतो त्याच्या कितीतरी पट ऊस मोडून टाकतो. शिवाय दिवसभर दडून बसायला त्याला उसासारखी आणि केळीसारखी जागा नाही. डुकरामागे आणि कुत्र्यामागे बिबट्या येतो. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणा खोऱ्यात बिबट्याने माणसे मारली, ते दिवस कोणी विसरलेले नाही. तोडणीच्या हंगामात मजुरांच्या कोप्या उसाच्या कडेलाच असतात आणि त्यांची लहान मुले उघड्यावर झोपतात. आपल्या दाण्याच्या ढिगाने त्या मुलांपर्यंत रान ओढून आणू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात आमिष दाखवून जनावर ओढणे हेही धरले आहे. तुमचा हेतू चांगला असेल. पण तुमच्या गव्हाणीजवळ कोणी फासा लावला किंवा तार सोडली, तर चौकशी गव्हाणीच्या मालकापासूनच सुरू होईल.

कुंपणात थेट लाइनची वीज सोडण्याची बुद्धी कोणालाही होऊ नये. ती तार डुक्कर आणि माणूस यांत फरक करीत नाही. पहाटे पाण्याची पाळी धरायला गेलेला शेजारीच तिला चिकटतो. उसाचे नुकसान झाले असेल तर लगेच, शक्यतो तीन दिवसांच्या आत, वनरक्षकाकडे किंवा वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेला ऊस जागेवर ठेवावा. अर्ज लिहायला आमचे गट ऑफिस मदत करील.

हरणाची खरी गव्हाण म्हणजे रानातले गवत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने हे करून दाखवले आहे. श्री. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून अकराशे एकरांच्या आसपास जंगल राखले, ओहोळांवर बांध घातले, पाणी मुरवले. श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथे कोणी हरणासाठी मक्याचे पोते ओतले नाही. गवत वाढले, पाणी टिकले आणि जनावराला खाली गावात उतरायचे कारण कमी झाले. सगळ्यांना एवढे मोठे काम जमणार नाही. पण डोंगराकडच्या आपल्या पडीक बांधावरचे गवत मार्चमध्ये पेटवून न देणे आणि बोर, बाभूळ, आपटा यांना कुऱ्हाड न लावणे, एवढे तर बिनखर्चाचे आहे.

पाणवठा कसा करावा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. यावल अभयारण्य (स्थापना १९६९) आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य (१९८६) यांच्या हद्दीत पाणवठ्यांची व्यवस्था वनखाते पाहते. तिथे आपण परस्पर काही करू नये. श्रमदान करायचे असेल तर वन समितीमार्फत करावे. आम्ही सांगतो आहोत ते हद्दीबाहेरच्या, आपल्या स्वतःच्या जमिनीतल्या पाणवठ्याविषयी. तोही वनरक्षकाला सांगून करावा.

जागा निवडणे हेच निम्मे काम. उसापासून, केळीपासून, वस्तीपासून आणि रस्त्यापासून लांब, डोंगराच्या अंगाची जागा पाहावी. चारी बाजूंनी वीस-पंचवीस पावले मोकळे असावे. हरीण पाणी पिताना मान खाली घालते तेव्हा ते घाबरलेले असते. जवळ दाट झुडूप असले तर तिथे पाणी असूनही ते येत नाही, आणि आले तर बिबट्याचे फावते. वरून सावली देणारे एखादे झाड असले तर उत्तम.

आकार बशीसारखा ठेवावा, हौदासारखा नको. सहा फूट रुंद गोल आखावा आणि कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू उतार देत मध्ये फक्त एक वीत खोल करावे. उभ्या कडांच्या हौदात पाडस, ससा, मुंगूस पडले की निघता येत नाही आणि मेलेल्या जनावराने पाणी नासते. बशीच्या आकारात ती भीती नाही. एवढ्या बशीत साधारण २०० लिटर, म्हणजे एक बॅरल पाणी मावते.

तळाला जुना प्लॅस्टिक कागद किंवा फाटकी ताडपत्री अंथरावी. त्यावर काळी माती, भुसा आणि शेण एकत्र तुडवून चार बोटे जाडीचा थर द्यावा आणि धुमसून घ्यावा. वर नदीचे गोटे पसरावेत म्हणजे खुरांनी थर उखडत नाही. हा पाणवठा मात्र कोरडा पडू देऊ नये. काळी माती वाळली की भेगाळते आणि मग पाणी धरत नाही. ज्यांना थोडा खर्च झेपतो त्यांनी कोंबडीजाळी अंथरून वरून दोन बोटे सिमेंटचा गिलावा करावा. त्याला एखादी गोणी सिमेंट पुरते. पृष्ठभाग खरखरीत ठेवावा, घोटून गुळगुळीत करू नये, खूर घसरतो.

आता पाणी भरण्याचे. टँकर, बैलगाडी, डोक्यावर हंडे हे सगळे आठ दिवस चालते, नंतर उत्साह ओसरतो. आपल्याकडे ठिबक घरोघरी आहे, त्याचाच उपयोग करावा. जुनी १६ मिलीमीटरची नळी पाणवठ्यापर्यंत न्यावी आणि तासाला ४ लिटरचे तीन ड्रिपर लावावेत. वीज आठ तास मिळाली तर ९६ लिटर पाणी पडते. उन्हाळ्यात उघड्या पाण्याचा दिवसाला सेंटीमीटरभर थर उडून जातो, म्हणजे सहा फुटी बशीतून रोज २५-३० लिटर. बाकीचे पिण्यासाठी उरते. दहा फुटी बशी केली तर बाष्पीभवनच ७०-७५ लिटरवर जाते, म्हणून हौसेपोटी मोठा पाणवठा करू नये. नळी उघडी ठेवली तर खारी आणि उंदीर कुरतडतात, डुक्कर उपटतो. ती वीतभर खोल पुरावी. खत सोडण्याच्या टाकीनंतरची लाइन पाणवठ्याला कधीही जोडू नये. युरियाचे पाणी जनावराला विषच आहे.

घरच्या गुरांना या पाणवठ्यावर नेऊ नये. लाळ्या-खुरकूत गुरांकडून हरणांत आणि हरणांकडून गुरांत जातो. २०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्यातली पहिली नोंद ऑगस्टमध्ये आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात झाली. तो रोग मुख्यतः माश्या-डासांवाटे पसरतो, पण आजारी जनावर चार ठिकाणी फिरले की काय होते ते आपण तेव्हा पाहिले. आठवड्याला एकदा पाणवठा खराट्याने घासून शेवाळ काढावे. डासांच्या अळ्या दिसल्या तर पाणी काढून तास-दोन तास ऊन द्यावे.

विहिरी आणि शेततळी

हे खरे तर आधी सांगायला हवे होते, कारण नवा पाणवठा करण्यापेक्षा यात जास्त जीव वाचतात. नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यात राजापूर-ममदापूरकडे काळविटांचे कळप आहेत. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात फिरताना, कुत्री मागे लागल्यावर काळवीट बिनकठड्याच्या विहिरीत पडल्याच्या बातम्या तिथून येत असतात. आपल्या भागात अशा विहिरी काही कमी नाहीत. कठडा बांधायला पैसे नसतील तर बोरीच्या-बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे. दरवर्षी नवे काटे लावावे लागतात, पण ते काम एका दिवसाचे आहे.

कागद अंथरलेले शेततळे त्याहून घातक. गुळगुळीत कागदावर खूर टिकत नाही. जनावर पाण्यापर्यंत घसरत जाते आणि पोहून पोहून दमते. माणसाचे पोरही तसेच बुडते. त्यावर उपाय फार स्वस्त आहे. ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे जुने टायर दोरखंडाने एकाखाली एक बांधून शिडीसारखी माळ करावी, वरचे टोक मजबूत खुंटीला बांधावे आणि माळ पाण्याच्या तळापर्यंत सोडावी. अशा दोन माळा समोरासमोरच्या बाजूंना असाव्यात. मध्ये गाठी मारलेला एक दोर आडवा सोडला तर पडलेल्या माणसाला धरायला होतो.

पाखरांसाठी दाणापात्र

तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. खाण्याच्या तेलाचाच घ्यावा. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा डबा किंवा बाटली दहा वेळा धुतली तरी वापरू नये. डब्याचे वरचे तोंड पूर्ण कापावे. तळापासून बोटभर उंचीवर चारी बाजूंना दोन इंच लांब आणि अर्धा इंच उंच अशा फटी पाडाव्यात. कापलेली कडा आत वळवून हातोडीने ठोकून घ्यावी, नाहीतर पाखरांचे पाय कापतात. डब्याखाली जुनी परात किंवा थाळी तारेने घट्ट बांधावी. फटींतून दाणा थाळीत उतरतो, पाखरे खातील तसा आणखी उतरतो. थाळीला खिळ्याने चार-पाच भोके पाडावीत म्हणजे वळवाचे पाणी साचत नाही. वरून पत्र्याचे उतरते झाकण ठेवावे. खर्च तारेचा आणि खिळ्यांचा.

हे पात्र लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत, जमिनीपासून सहा-सात फुटांवर टांगावे. उन्हात पत्रा तापतो आणि पाखरू बसत नाही. टांगण्याच्या तारेत मधोमध एक पालथी थाळी ओवली तर खार वरून उतरत नाही. मांजराला उडी मारता येईल अशी भिंत किंवा फांदी जवळ नको.

बाजरी, ज्वारी, राळा, तांदळाची कणी घालावी. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त भरू नये, कारण ओलसर होऊन बुरशी धरलेला दाणा पाखरांना मारतो. शेव, फरसाण, मिठाचा भात घालू नये. आणि हे ठळक लक्षात ठेवावे, की पेरणीतून उरलेले औषध लावलेले बी, मग ते मक्याचे असो वा ज्वारीचे, कधीही पाखरांना टाकू नये आणि बांधावर सांडूही देऊ नये. उरलेले बी खोल पुरावे. उंदरांसाठी विषाची आमिषे ठेवलेल्या शिवारातही दाणापात्र टांगू नये.

पाण्यासाठी फुटक्या माठाचा बुडखा सर्वांत चांगला. दोन बोटेच पाणी ठेवावे आणि मध्ये एक दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे.

पहिला पाऊस लागला की दाणापात्र उतरवून धुऊन ठेवावे. त्या दिवसांत चिमण्या आणि साळुंक्या पिलांना अळ्या-किडे भरवतात आणि ते किडे आपल्याच रानातले असतात. तेव्हा त्यांना आयता दाणा नको. चिमण्यांना घरटी हवी असतील तर खोक्याच्या फळ्यांची पेटी करून तिला सव्वा इंचाचे भोक ठेवावे, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. नाशिकच्या श्री. मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने या कामाला चालना दिली आणि २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो.

पाखरांचा उसाला उपयोग

इथे आम्हाला उगाच फुगवून सांगायचे नाही. पाखरे आली म्हणजे कीड गेली असे नसते. खोडकिडीची अळी पोंग्याच्या आत असते, तिथपर्यंत चोच पोचत नाही. तिच्यासाठी ट्रायकोकार्डच लावावे लागते. पण हुमणीची गोष्ट वेगळी आहे. नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या का चालतात? उघड्या पडलेल्या अळ्या आणि भुंगेरे वेचायला. हल्ली ट्रॅक्टरची नांगरट रात्रीच उरकतात. सकाळपर्यंत अळी पुन्हा ढेकळाखाली जाते आणि पाखरांचा घास हुकतो. हुमणीग्रस्त प्लॉटची नांगरट सकाळी करावी, एवढाच बदल पुरे.

हरभऱ्यात हेक्टरी ५० पक्षीथांबे लावतात हे आपल्याला ठाऊक आहे. तसेच इंग्रजी टी आकाराचे थांबे तुराटीचे किंवा बांबूचे करून उसात मोठ्या बांधणीपर्यंत लावता येतात. कोतवाल आणि वेडा राघू त्यावर बसून उडते किडे टिपतात. बांधणीनंतर ऊसच उंच होतो, मग थांब्यांचा उपयोग राहत नाही.

शेवटी घुबडाविषयी. गव्हाणी घुबडाला आपल्याकडे अशुभ मानतात आणि लक्ष्मीचे वाहनही मानतात. कोणते खरे ते ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला एवढे माहीत आहे, की ते रात्रभर उंदीर मारते. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये शेतांत त्याच्यासाठी मुद्दाम लाकडी पेट्या लावतात. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटी करून सहा इंचाचे भोक ठेवावे आणि ती शेतातल्या खोलीच्या पोटमाळ्यावर किंवा उंच झाडावर, माणसांची वर्दळ नसलेल्या बाजूला घट्ट बसवावी. घुबड पहिल्याच वर्षी येईल असे नाही. पेटी मात्र काढू नये, आणि ज्या शिवारात पेटी आहे तिथे उंदरांचे विष वापरू नये, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो.

दाणापात्राचा आणि टायरच्या माळेचा नमुना पाहायचा असेल तर आपल्या गट ऑफिसात विचारावे. ज्यांना डोंगराकडच्या जमिनीत पाणवठा करायचा आहे त्यांनी खोदण्याआधी गट नंबर आणि जागा आम्हाला कळवावी. वनरक्षकांना सोबत घेऊन जागा पाहू आणि ती उसाच्या फार जवळ वाटली तर तसे स्पष्ट सांगू.

— ऊस विकास विभाग